आधी जुनं

माझे भाऊजी कंजूष नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांचा विषय निघाला की लोक तोच शब्द फेकतात आणि मग मला त्यांची बाजू घ्यावी लागते. त्यांची बाजू घ्यायची मला काडीचीही हौस नाही. पण खोटं ते खोटं. माझ्या फुलांच्या दुकानाचं छप्पर वादळात उडालं तेव्हा नवं छप्पर भाऊजींनी घालून दिलं आणि पुन्हा त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. कंजूष माणसाच्या हातून पैसा सुटत नाही. भाऊजींच्या हातून पैसा सुटायचा, वस्तू सुटायची नाही. काही वाया गेलं की त्यांना खरोखर त्रास व्हायचा. दूध उतू गेलं तर ते खुर्चीत जाऊन बसायचे आणि बराच वेळ कुणाशी बोलायचे नाहीत.

ते माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे नवरे. नोकरी एका रंगांच्या गोदामात, स्टोअरकीपरची. भिंतीचे रंग, लाकडाचे रंग, लोखंडाला लावायचे रंग, सगळे डब्यांत बंद, मांडण्यांवर छतापर्यंत रचलेले. रंगाचं एक असतं, तो कायमचा टिकत नाही. डबा फार दिवस पडून राहिला की आत साय धरते, खाली गोळा बसतो आणि मग तो ढवळून ढवळून हात मोडला तरी भिंतीला लागत नाही. म्हणून गोदामात एकच नियम. नवा माल आला की मागे लावायचा, जुना पुढे ओढायचा, आणि बाहेर जाताना आधी जुना जाणार. मालक स्वतः आला आणि म्हणाला की तो मागचा ताजा डबा द्या, तरी भाऊजी द्यायचे नाहीत. "आधी जुनं," एवढंच म्हणायचे. हमालांनी त्यांचं नावच 'आधीजुनं' पाडलं होतं. "आधीजुनं आले रे," असं कुणी ओरडलं की विड्या विझायच्या. भाऊजींना ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. त्यांच्या सगळ्या नोकरीत एक डबा सडला नाही. ही गोष्ट ते ज्या तऱ्हेने सांगायचे, त्या तऱ्हेने लोक पोरांचे पराक्रम सांगतात.

याचं मूळ त्यांच्या वडिलांच्या दुकानात होतं. वाणसामानाचं दुकान. वडील मोठे दिलदार, गिऱ्हाईक आलं की पुढ्यातलं ताजं काढून द्यायचे. मागच्या पोत्यांना कीड लागली, डाळीत जाळी झाली, साबण सुकून तडकले, आणि एक दिवस दुकानाला कुलूप लागलं. भाऊजी तेव्हा शाळेत होते. ती किडकी पोती गटारात ओतताना त्यांनी हात लावला होता. हे मला ताईने सांगितलं, त्यांनी कधीच नाही.

आता गोदामातला नियम गोदामात सोडून यावा की नाही? पण नाही. भाऊजींनी तो चपलांसकट घरात आणला.

ताईच्या स्वयंपाकघरातली फळी मी पहिल्यांदा नीट पाहिली तेव्हा मला हसू फुटलं होतं. प्रत्येक बरणीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तारीख. चहाची नवी पुडी जुन्या पुडीच्या मागे. साबणाची नवी वडी मागे, आणि पुढे जुन्या वड्यांच्या चिपा एकमेकींना चिकटवून केलेला एक बहुरंगी गोळा, जो हातातून सटकून मोरीत पळायचा. इथवर ठीक होतं. घरोघरी थोडंफार असतं. पण जेवणाचं काय झालं ते ऐका.

लग्नानंतर कधीतरी, अगदी सुरुवातीला, एका संध्याकाळी स्वयंपाक जास्त झाला. भाऊजी म्हणाले, वाया नको, उद्या आधी हे संपवू. दुसऱ्या दिवशी ताईने ताजं केलं होतंच. त्या दिवशी आदल्या दिवशीचं खाल्लं आणि ताजं उरलं. तिसऱ्या दिवशी ते उरलेलं खाल्लं आणि त्या दिवशीचं उरलं. झालं. तिथून ते घर एक दिवस मागे पडलं आणि मागेच राहिलं. ताई रोज स्वयंपाक करायची, गरम, वासाचा, आणि झाकून ठेवायची. मग दोघं बसून काल केलेलं खायची. एखाद्या दिवशी चूल पेटवली नसती तरी हिशेब सरळ झाला असता. मी हे कितीदा सांगितलं! भाऊजी मान हलवायचे आणि म्हणायचे, "आणि त्या दिवशी अचानक कुणी आलं तर? घरात काहीच नाही?" म्हणजे अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी रोज शिळं. आणि पाहुणा आलाच तर त्याच्याही पुढ्यात कालचंच, कारण नियम म्हणजे नियम.

ताई याची चेष्टा करायची. "आमच्याकडे आज अजून उजाडायचंय गं, आम्ही कालमध्येच आहोत," म्हणायची. ती हसायची तेव्हा भाऊजीही हसायचे. आणि एक गोष्ट कबूल करते, ताटात वाढताना त्यातल्या त्यात जास्त शिळं असेल ते भाऊजी स्वतःकडे ओढायचे. पावाचा कडक झालेला तुकडा त्यांचा. आंबूस झालेल्या दह्याचा तळ त्यांचा. बायकोवर जुलूम करणारा माणूस असता तर मी केव्हाच ताईला उचलून घेऊन आले असते. पण हा माणूस तिला कधी चढ्या आवाजात बोलला नाही. तिचे पाय दुखले तर चेपून द्यायचा. अशा माणसाशी भांडायचं कसं?

फळांची तर कमालच. टोपलीत सफरचंदं आणली की भाऊजी त्यातलं डाग पडलेलं शोधायचे आणि ते आधी कापायचे. ते संपेपर्यंत दुसऱ्याला डाग पडायचा. माझी भाची, त्यांची मुलगी, लहान असताना मला एकदा म्हणाली होती, "मावशी, सफरचंद आतून तपकिरी असतं ना?" मी तिला दुकानातून येताना एक ताजं आणून दिलं. तिने ते दारामागे उभं राहून खाल्लं, चोरून, सख्ख्या बापाच्या घरात. तीच भाची मोठी झाली, नोकरीला लागली, लांबच्या शहरात खोली घेऊन राहायला गेली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन. "मावशी, मी आज अर्धा पाव फेकून दिला. कचऱ्यात. काही झालं नाही गं." आधी हसत होती, मग रडायला लागली. ती त्यानंतर घरी यायची ती पाहुण्यासारखी, आणि जेवून यायची.

माझा धंदा फुलांचा. माझ्या धंद्यात शिळं म्हणजे मेलेलं. संध्याकाळ झाली की मी मान टाकलेली फुलं बादल्या भरभरून उकिरड्यावर ओतते, त्याला इलाज नाही. भाऊजी दुकानी आले की त्या बादल्यांकडे बघत उभे राहायचे. "मेव्हणीबाई, हे आधी विकायचं होतं ना," म्हणायचे. मी म्हणायचे, "भाऊजी, माणूस सुकलेला गुच्छ घेऊन कुणाला भेटायला जात नाही." ते एक-दोन कोमेजलेली काढून खिशात घालायचे आणि ताईला नेऊन द्यायचे. ताई ती पेल्यात ठेवायची. मी ताजी दिली असती तर ती मागे गेली असती, वाट बघत.

कारण सगळंच वाट बघायचं त्या घरात. मी दिलेला लोकरीचा स्वेटर जुना उसवून संपायची वाट बघत होता. नव्या चादरी जुन्या चादरींत पायाचा अंगठा अडकून टरकायची वाट बघत होत्या. टॉवेल असे विरले होते की अंग पुसायच्या ऐवजी नुसते अंगावर फिरायचे. मी चिडून एकदा म्हटलं, "ताई, नव्या चादरीवर झोपायला तुला कोणत्या जन्मात मिळणार?" ती म्हणाली, "असू दे गं. त्यांना बरं वाटतं ना." त्यांना बरं वाटतं. हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं की मला ते ऐकू येईनासं झालं होतं.

मग भाऊजी निवृत्त झाले. गोदामात कॉम्प्युटर आला होता, नवी पोरं आली होती, निरोपाच्या दिवशी त्यांना घड्याळ दिलं आणि ते घरी येऊन बसले. गोदाम गेलं म्हणून त्यांनी घराचं गोदाम केलं. आता प्रत्येक वस्तू त्यांच्या नजरेखालून जायची. पूर्वी ते कामावर गेल्यावर ताई हळूच एखादं नासलेलं काही नळाखाली सोडून द्यायची, तेही बंद झालं. औषधांसाठी त्यांनी भिंतीतलं एक छोटं कपाट नीट केलं, त्यात फळ्या ठोकल्या, आणि खोकल्याच्या बाटल्यांपासून मलमाच्या चेपलेल्या नळ्यांपर्यंत सगळं रांगेत लावलं. जुनं पुढे, नवं मागे.

आणि नेमकं त्याच सुमारास ताईच्या छातीत धडधडायला लागलं.

ती जिना चढून आली की भिंतीला हात टेकून उभी राहायची. हृदयाचे ठोके ताल सोडून पडत होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त थोडं पातळ ठेवणारी एक लहानशी पांढरी गोळी दिली. भाऊजींनी ती घाऊक दुकानातून डबाभर आणली, स्वस्त पडते म्हणून, आणि कपाटात लावली. काही महिने गेले. धडधड थांबेना म्हणून ताईला हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी बरोबर होते, भाऊजीही होते. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं. ठोके असे पडतात तेव्हा इथे या कोपऱ्यात रक्त साकळतं, त्याची गुठळी होते, आणि ती गुठळी सुटली तर सरळ मेंदूत जाते. अर्धांगवायू होतो, माणूस दगावतोही. पांढऱ्या गोळीचं हे काम नाही. "ती बंद करा. आजपासून ही," त्या म्हणाल्या आणि दुसरी गोळी लिहून दिली. गुलाबी, सकाळ-संध्याकाळ घ्यायची, एकही चुकवायची नाही.

भाऊजींनी मान हलवली. मी स्वतः पाहिलं. त्यांनी दुकानात जाऊन ती महागडी गोळी लगेच विकत घेतली, किमतीवर हूं की चूं केलं नाही. परत सांगते, पैशाचा प्रश्न नव्हता.

पुढे काही आठवड्यांनी मी ताईकडे गेले होते. डोकं दुखत होतं म्हणून गोळी शोधायला ते भिंतीतलं कपाट उघडलं. पुढच्या रांगेत पांढऱ्या गोळ्यांच्या पट्ट्या, अर्ध्या संपलेल्या. मागच्या रांगेत गुलाबी गोळ्यांचे खोके, तारीख घालून, सील न तोडलेले.

मी खोका घेऊन बाहेर आले आणि दोघांच्या समोर टेबलावर आपटला.

"हे काय आहे?"

"अगं, त्या लागणारच आहेत," भाऊजी शांतपणे म्हणाले. "पांढऱ्या थोड्या राहिल्यात. त्या संपल्या की ह्या."

"डॉक्टर काय म्हणाल्या? ती बंद, आजपासून ही. तुम्ही मान हलवलीत!"

"हो, पण ती पण रक्त पातळ करायचीच, ही पण रक्त पातळ करायचीच. काम एकच. मग एवढ्या चांगल्या गोळ्या फेकायच्या का? तारीख पण उलटलेली नाही."

"भाऊजी, हा रंगाचा डबा आहे का?"

"ओरडू नकोस गं," ताई म्हणाली. "संपतच आल्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईवरच जास्त. मी कपाट उघडलं, पांढऱ्या पट्ट्या गोळा केल्या आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मग गुलाबी खोक्याचं सील तोडलं, एक गोळी काढली, पाण्याचा पेला भरला आणि ताईच्या हातात दिला. तिने गिळली. भाऊजी त्या कचऱ्याच्या डब्याकडे बघत होते. मी म्हटलं, "माझ्याकडे बघा. ताईच्या डोक्यात गुठळी गेली तर ती अंथरुणाला खिळेल, नाहीतर मरेल. कळतंय?" ते म्हणाले, "कळतंय गं. मी काय शत्रू आहे का तिचा?" आणि त्यांचे डोळे भरून आले. खोटं नव्हतं ते. त्या माणसाला ताईशिवाय चहासुद्धा गोड लागत नव्हता.

त्यानंतर मी रोज फोन करायचे. सकाळी दुकान उघडलं की पहिला फोन ताईला. "गोळी घेतलीस?" "घेतली." "गुलाबी?" "गुलाबीच गं बाई. पोलीस आहेस का?" कधी भाऊजी उचलायचे. "घेते ना, नियमित घेते. अगदी वेळेवर." सुरुवातीला ते जरा अडखळायचे. मग सराईतपणे म्हणायला लागले. मला वाटलं, चला, एक डोंगर तरी हलला.

ताई पडली ती सकाळी, अंथरुणावरची चादर काढून झटकताना. भाऊजी शेजारीच होते, चादरीचं दुसरं टोक त्यांच्या हातात होतं. तिचं तोंड एका बाजूला ओघळलं, उजवा हात लुळा पडला, आणि ती काहीतरी बोलायला गेली तर नुसता घरघरल्यासारखा आवाज आला. भाऊजींनी एक क्षण वाया घालवला नाही. रुग्णवाहिका बोलावली, शेजाऱ्याला हाक मारली, तिला घेऊन ते रुग्णालयात पोहोचले तेही झटक्यात. नंतर तिथली सगळी माणसं म्हणत होती, इतक्या लवकर फार थोडे लोक येतात.

मी फुलं आणायला घाऊक बाजारात गेले होते, तिथल्या गलक्यात फोन ऐकू आला नाही. पोहोचले तेव्हा दुपार होत आली होती. ताईला आत यंत्रांच्या खोलीत ठेवलं होतं. बाहेर एक तरुण डॉक्टर उभे होते, रात्रपाळी करून दिवसपाळीतही अडकल्यासारखे दिसत होते. त्यांनी मला समजावून सांगितलं. गुठळी मोठी होती. गुठळी विरघळवणारं एक इंजेक्शन असतं, पहिल्या काही तासांत दिलं तर माणूस बऱ्यापैकी परत येऊ शकतो. "त्या वेळेत आल्या होत्या. पण त्या रक्त पातळ करणाऱ्या त्या नव्या गोळीवर होत्या ना," ते म्हणाले. "त्या गोळीवर असताना ते इंजेक्शन देता येत नाही. मेंदूत रक्तस्राव होतो, माणूस टेबलावरच जातो. गोळी घेत असूनही कधीकधी गुठळी होते. दुर्दैव."

दुर्दैव. मी मान डोलावली. भाऊजी भिंतीपाशी बाकावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. मी जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. होय, मी त्यांचं सांत्वन केलं. त्यांनी मान वर केली नाही.

नर्सने सांगितलं की घरून पेशंटचे कपडे, टॉवेल आणि चालू गोळ्या घेऊन या. मी भाऊजींकडून किल्ली घेतली आणि गेले. चादर अजून जमिनीवर पडली होती, अर्धी उघडी, जिथे विरली होती तिथून फरशी दिसत होती. मी कपडे भरले. मग कपाट उघडलं.

पुढच्या रांगेत पांढऱ्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. ज्या मी कचऱ्यात टाकल्या होत्या त्याच, भाजीच्या सालीचा डाग पुसूनही थोडा राहिलेला. बऱ्याच संपल्या होत्या. मागच्या रांगेत गुलाबी खोके. मी सील तोडलेला खोका पुढे ओढला आणि पट्टी बाहेर काढली. एक गोळी कमी होती. माझ्यादेखत गिळलेली. बाकी सगळ्या जागच्या जागी.

मी उकिरड्यावर जाऊन ओतायला हवं होतं ते मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकलं, आणि त्या घरात कचऱ्याचा डबासुद्धा शेवटचा नव्हता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी घराबाहेर पडल्यावर त्यांनी वाकून एकेक पट्टी वेचली असेल, ओल्या फडक्याने पुसली असेल. आणि ताई? ताई खुर्चीत बसून बघत असेल. त्यांना बरं वाटतं ना.

मग मला दुसरी गोष्ट सुचली. ताई त्या गोळीवर नव्हतीच. म्हणजे ते इंजेक्शन देता आलं असतं.

मी टॅक्सी करून तडक परत गेले, डॉक्टरांच्या हातात दोन्ही पट्ट्या दिल्या आणि सांगितलं. त्यांनी गुलाबी पट्टी उलटसुलट केली. त्यांचा चेहरा उतरला. "मी त्यांना दोनदा विचारलं होतं," ते म्हणाले. "गोळी चालू आहे का, शेवटची कधी घेतली. ते म्हणाले, नियमित घेते, आज सकाळीच घेतली." मी म्हटलं, आता द्या ना इंजेक्शन, आता तर कळलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. वेळ निघून गेली होती. पोरगेला माणूस, बिचारा माझी माफी मागायला लागला. त्याची काय चूक?

मी बाकापाशी गेले. मला त्यांना मारायचं होतं. खरंच सांगते, हात उचलला होता. पण त्या बाकावर एक म्हातारा माणूस बसला होता, कोपरावर विरलेल्या स्वेटरातला, ज्याच्या पायात घाईत दोन वेगवेगळ्या चपला आल्या होत्या. मी शेजारी बसले.

"भाऊजी, डॉक्टरांना खोटं का सांगितलंत?"

त्यांनी पायातल्या त्या दोन चपला एकमेकींना जुळवून ठेवल्या. मग म्हणाले, "रागावतील असं वाटलं."

"कोण?"

"डॉक्टर. म्हणतील, गोळी असून दिली नाही, कसला माणूस आहे हा. सगळ्यांच्या समोर." ते थांबले. "आणि तोंडात तेच वाक्य होतं. रोज तुला सांगायचो ना. तेच आलं."

"त्यांनी दोनदा विचारलं."

"एकदा म्हटल्यावर दुसऱ्यांदा काय बदलणार?"

माझ्याच धाकाने पाठ झालेलं वाक्य. मी रोज सकाळी फोन करून ते त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं.

"ती शुद्धीत होती," भाऊजी आपणहून म्हणाले. मी विचारलं नव्हतं. "डॉक्टर विचारत होते तेव्हा ती शुद्धीत होती. बोलता येत नव्हतं. पण तिने हा डावा हात वर केला आणि असा, असा हलवायला लागली." त्यांनी हवेत हात हलवून दाखवला. नाही, नाही, असं सांगताना हलवतो तसा. "डॉक्टर म्हणाले, काय म्हणतायत त्या? मी म्हटलं, घाबरलीय. आणि तिचा हात धरून ठेवला. खाली."

समोरून एक ट्रॉली खडखडत गेली. ती लांब जाईपर्यंत मी थांबले.

"तुम्हाला खरंच वाटलं ती घाबरलीय?"

"नाही," भाऊजी म्हणाले.

ताई त्यानंतर थोडे दिवस होती. भाची आली, आईच्या उशाशी बसली, बापाशी एक शब्द बोलली नाही. भाऊजी दुसऱ्या बाजूला, डाव्या हाताच्या बाजूला बसून असायचे. तो एकच हात ताईच्या ताब्यात राहिला होता. ते तो हातात घ्यायचे आणि रडायचे, आणि ताई अंगठा त्यांच्या हातावरून हळूहळू फिरवायची, लहान मुलाला उगी करावं तसं. मी पायाशी उभी राहून बघायचे. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा तिने तो हात झटकून काढून घ्यावा. मी मनातल्या मनात तिला सांगत होते, ताई, सोड, काढ हात. तिने काढला नाही. शेवटी नर्सला तो त्यांच्या मुठीतून सोडवावा लागला.